रूप पालटलेली मोटारसायकल आणि जर्मन कायदा

वाचकहो, अशी कल्पना करूं कीं एका तरुणानें इंग्लंडांत मोटारसायकल घेतली, मूळचा सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसविला, आणि पुढें नोकरीनिमित्त ती जर्मनींत नेली. (तरुणांस हा आवाज किती प्रिय, हें पालकांस सांगणें नलगे!) जकातीचें काम उरकलें म्हणजे गाडी रस्त्यावर आणतां येईल काय? नाहीं. इंग्लंडांत वाहनें डाव्या बाजूनें चालतात, म्हणून तेथील दिव्याचा झोत डावीकडे झुकलेला असतो. जर्मनींत वाहनें उजवीकडून चालत असल्यानें तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. तेव्हां दिवा बदलणें आलेंच.

सायलेन्सरचें प्रकरण याहून कठीण. तेथील वाहन-परवाना नियमावलीच्या १९ व्या कलमानुसार आवाज किंवा धूर वाढविणारा, अथवा इतरांस धोका संभवेल असा फेरफार केला, कीं वाहनाची मान्यता आपोआप संपुष्टांत येते. मग २१ व्या कलमाप्रमाणें अधिकृत तज्ज्ञ ती एकच गाडी स्वतंत्रपणें तपासतो. कारखान्याचा मूळ दाखला तेव्हां पुरेसा होत नाहीं. कारण त्यांत वर्णिलेली गाडी आतां उरलेलीच नसते. ज्या भागांचीं प्रमाणपत्रें जपून ठेविलीं असतील त्यांचें काम सुकर होतें. बिनदाखल्याचा सायलेन्सर मात्र बहुधा काढूनच टाकावा लागतो.