कोठ्यातला उंदीर आणि कोठ्यातलं विष

सीतादही होऊन कापसाचा पहिला वेचा घरी येतो, सोयाबीनची मळणी उरकते, शेतं उघडी पडतात. यवतमाळ जिल्ह्यात याच दिवसांत उंदीर जागा बदलतात. शेतात आडोसा राहत नाही आणि दाणाही राहत नाही. कोठ्यात आणि टिनाच्या शेडमध्ये दोन्ही असतं: सोयाबीनची पोती, कुटाराचा ढीग, रिकामा बारदाना आणि अंथरायला कापूस. दसरा-दिवाळीत उंदरांचा सुळसुळाट वाढला असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातले बरेचसे शेतातून आलेले असतात.

आपली काळी जमीन त्यांना फार मानवते. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि मऊ केसांचा शेतउंदीर त्या भेगांतच घर करतो. शास्त्रज्ञ ज्याला बँडिकोटा बेंगालेन्सिस म्हणतात तो ठेंगणा, जाडजूड उंदीर बांधात लांबलचक बिळं खणून धान्य साठवतो. आढ्यावरून, वायरीवरून पळणारा लांब शेपटीचा काळा उंदीर वेगळा आणि पेटीत शिरणारी घरातली इवलीशी उंदरी वेगळी. हा फरक माहीत असला तर उपाय चुकत नाहीत. जमिनीतून येणाऱ्याला पाया अडवतो, वरून येणाऱ्याला छत अडवावं लागतं.

धान्याचं नुकसान डोळ्यांना दिसतं, अवजारांचं दिसत नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून पोट भरलेलं असलं तरी तो कुरतडतच असतो. ठिबकच्या नळ्या, बॅटरी पंपाची रबरी नळी, ट्रॅक्टरची वायरिंग, स्टार्टरपर्यंत आलेली केबल यांतलं काही त्याला वर्ज्य नाही. वायरीवरचं आवरण गेलं की उघडी तार राहते. शेजारी कापसाची गंजी असेल तर एका ठिणगीत वर्षाची कमाई जळू शकते. म्हणून कापूस साठवलेल्या खोलीतून वायर नेऊच नये. न्यावीच लागली तर ती लोखंडी नळीतून न्यावी.

मळणी यंत्र किंवा पेरणी यंत्र ‘झाकून ठेवलं’ एवढ्यावर थांबून चालत नाही. पेरणी यंत्राच्या पेटीत आणि नळ्यांत मूठभर बियाणं राहिलं तरी उंदरांना आमंत्रण मिळतं, आणि तिथेच राहिलेलं खत लोखंड खातं. पेटी उलटी करून झटकावी, नळ्या काढून टांगाव्यात, मळणी यंत्राच्या चाळण्या ब्लोअरने साफ कराव्यात. ताडपत्री जमिनीपर्यंत सोडून घट्ट बांधली तर आत अंधारी, उबदार खोली तयार होते. त्यापेक्षा यंत्र विटांवर किंवा ठोकळ्यांवर उचलून खालून वारा खेळता ठेवावा. उजेड आणि वारा असलेल्या जागी उंदीर सहसा घर करत नाही.

तुषार संचाचे पाईप भिंतीकडेला जमिनीवर रचायची आपली पद्धत आहे. वीस फुटी पोकळ पाईप म्हणजे उंदराला तयार बीळ, आणि उंदरामागे साप आलाच. जूनमध्ये पाईप उचलताना घोणस किंवा विंचू निघतो तो यामुळेच. पाईप कमरेएवढ्या उंचीवर घोड्यांवर ठेवावेत, तोंडं जाळीने किंवा बुचाने बंद करावीत. जोडावरच्या रबरी रिंगा काढून झाकणाच्या डब्यात ठेवल्या की उंदरापासूनही वाचतात आणि उन्हापासूनही. ठिबकच्या नळ्या आधी धुऊन, मोठ्या वेटोळ्यांत गुंडाळून आढ्याला तारेने टांगाव्यात. ऑइल इंजिनच्या सायलेन्सरच्या तोंडावर टिनाचा डबा उपडा घातला नाही तर कुंभारीण माशी त्यात मातीचं घर बांधते. स्टार्टरच्या पेटीत पाली आणि मुंग्या शिरून बिघाड करतात. केबल आत जाते तिथली फट बंद केली की तो प्रश्नच उरत नाही.

लाकडी अवजारांचा वैरी वाळवी, आपल्याकडची उधई. पुसद, उमरखेड, पांढरकवड्याच्या जंगलांतलं सागवान प्रसिद्ध आहे आणि जुन्या बंड्या, वखर, तिफणी त्या लाकडाच्या गाभ्यामुळेच टिकल्या. गाभ्याभोवतीचं पांढरं लाकूड मात्र वाळवी सोडत नाही. दांडा मातीला टेकवून ठेवू नये आणि भिंतीलाही भिडवू नये. भिंतीवर मातीची बारीक नळी चढताना दिसली की ती मोडून मूळ शोधावं.

आता विषाबद्दल. यवतमाळ जिल्ह्यात हा विषय सहज बोलण्याचा नाही. 2017 च्या खरिपात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने इथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. चौकशीसाठी सरकारला विशेष पथक नेमावं लागलं. त्या वर्षानंतर तरी कोठ्यातल्या एका फळीवर धान्य, दुसऱ्या फळीवर कीटकनाशक आणि खाली उंदराच्या औषधाची पुडी ही मांडणी मोडायला हवी होती. अजून अनेक कोठ्यांत ती तशीच आहे.

झिंक फॉस्फाइड ही उंदीर मारायची काळी-करडी भुकटी. पोटातल्या आम्लाशी तिची गाठ पडली की फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. साठवणुकीच्या धान्यात घालतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून तोच वायू निघतो. त्यांचा वापर प्रशिक्षित, परवानाधारक माणसांपुरता मर्यादित आहे. घरात माणसं झोपतात तिथे त्या ठेवूच नयेत. ब्रोमाडियोलोनच्या वड्यांत औषधाचं प्रमाण 0.005 टक्के असतं. रक्त गोठणं थांबून उंदीर काही दिवसांनी मरतो. माणसासाठी त्यावर जीवनसत्त्व के-1 हा उतारा आहे, म्हणून पाकीट फेकू नये. वेळ आली तर डॉक्टरांना दाखवावं लागतं. तरीही ती वडी लेकराच्या हाती लागू शकते. कोठ्यातल्या वासराच्या किंवा मेलेला उंदीर खाणाऱ्या घुबडाच्या पोटातही ती जाऊ शकते.

माझं मत स्पष्ट आहे: विष शेवटी. आधी फट बुजवावी. लहान उंदराला सहा मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिल शिरेल एवढी जागा पुरते. दारात पेन्सिल धरून पाहावी. ती दाराखाली शिरत असेल तर दाराला फूटभर उंचीची टिनाची पट्टी ठोकावी. भिंतीतल्या भोकात आधी भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट भरावं. नुसतं सिमेंट ओलं असतानाच तो उकरतो. खिडक्यांना आणि टिनाच्या नागमोडी पत्र्याखालच्या मोकळ्या जागांना बारीक वेल्डमेश लावावी. कोठ्याभोवती हात-दोन हात पट्टा गवत-कचऱ्याविना ठेवावा. हा सगळा खर्च एकदाच होतो, विष दरवर्षी आणावं लागतं.

पिंजरा लावताना उतावळेपणा नडतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. पिंजरा भिंतीला चिकटून, उंदराच्या वाटेवर ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस दार अडकवून ठेवून तेल लावलेल्या भाकरीचा तुकडा किंवा भजं नुसतं खाऊ द्यावं आणि मग सापळा चालू करावा. आवाजाने उंदीर पळवणाऱ्या विजेच्या डब्यांवर पैसा घालवू नये. उंदीर काही दिवसांत त्या आवाजाला सरावतो. धामण दिसली तर मारू नये, ती बिळात शिरून उंदीर खाते. गव्हाणी घुबडही रात्रभर हेच काम करतं. दोघांनाही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

साफसफाई करताना लेंड्या कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशकाचं पाणी शिंपडून, हातमोजे घालून, नाका-तोंडाला फडकं बांधून उचलाव्यात. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. 2018 मध्ये नागपूर भागात रुग्ण आढळलेला स्क्रब टायफस उंदरांच्या अंगावर आणि गवतात वाढणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या अळ्या चावल्याने होतो.

कोठ्यामागे रचलेली पऱ्हाटी दोन शत्रूंना एकदम पोसते. तिच्यात उंदीर राहतो आणि वाळल्या बोंडांत, सरकीत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत पुढच्या हंगामाची वाट पाहते. 2017 साली ज्या अळीपायी फवारण्या वाढल्या, ती हीच. सरपणाची गरज खरी आहे. पण तेवढीच पऱ्हाटी कोठ्यापासून दूर, बोंडं झाडून ठेवावी. उरलेली श्रेडरने बारीक करून जमिनीत जाऊ द्यावी. फरदड घेऊन पीक मार्च-एप्रिलपर्यंत उभं ठेवलं तर अळीला मध्ये खंड पडत नाही. जिनिंगच्या आवारात आणि कापूस साठवलेल्या ठिकाणी कामगंध सापळे लावले तर नर पतंग तिथेच अडकतात.

एका कोठ्याने हे सगळं केलं तरी शेजारच्या कोठ्यातून उंदीर महिन्या-दोन महिन्यांत परततात, कारण मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो. म्हणून बिळं मोजणं आणि बुजवणं गावाने एकाच आठवड्यात करावं. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बंद करायची आणि सकाळी जी उघडलेली दिसतील तीच जिती समजायची. त्यासाठी मे-जून हा काळ उत्तम: शेतात खायला काही नसतं, उंदरांची संख्या कमी असते आणि पेरणीआधी माणसांना थोडी सवड असते. एप्रिलच्या ग्रामसभेत सहायक कृषी अधिकाऱ्यांना बोलावून तारीख ठरवली तर काम होतं. पेरणी सुरू झाल्यावर कोणालाच वेळ नसतो.