घरगुती संगणकासाठी पर्यायी डीएनएस सर्व्हर : निवड आणि मांडणी

प्रस्तावना :
महाविद्यालयीन कामकाजाचा मोठा भाग आज संकेतस्थळांमार्फत चालतो व प्राध्यापकवर्ग तो बहुधा घरच्या संगणकावरूनच पार पाडतो. अकलूज येथे अंतर्गत गुण भरण्याच्या अखेरच्या रात्री प्रस्तुत लेखकास असा अनुभव आला की, मोडेमवरील दिवे व्यवस्थित लागले होते, परंतु एकही संकेतस्थळ उघडत नव्हते. ‘पिंग ८.८.८.८’ या आज्ञेस मात्र उत्तर मिळत होते. म्हणजे दोष तारेत नव्हता. नावावरून अंकात्मक पत्ता शोधणारी सेवा तेवढी बंद पडली होती. डीएनएस सर्व्हर बदलताच गुण भरता आले.

डीएनएसचे कार्य :
संगणक परस्परांस अंकांनी ओळखतात, माणसे नावांनी. या दोहोंची सांगड घालणारी डीएनएस ही विकेंद्रित व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. ‘शोधगंगा’चे नाव टंकित केल्यावर आपला डीएनएस सर्व्हर प्रथम मूळ सर्व्हरला, नंतर ‘.इन’च्या सर्व्हरला आणि अखेरीस संबंधित संस्थेच्या सर्व्हरला विचारून पत्ता मिळवितो. (२०१४ पासून उपलब्ध असलेले देवनागरी ‘.भारत’ नावही आतून रोमन सांकेतिक रूपातच विचारले जाते.) आपण काही न बदलल्यास हे काम इंटरनेट सेवा पुरविणारी कंपनी करते.

निवड :
डीएनएस बदलल्याने इंटरनेटचा वेग वाढतो, हा समज बव्हंशी चुकीचा आहे. पत्ता शोधण्यातील काही क्षण वाचतात; फाईल उतरवून घेण्याचा वेग तोच राहतो. खरा प्रश्न विश्वासाचा आहे. आपण कोणकोणती संकेतस्थळे उघडली याची यादी डीएनएस चालविणाऱ्याच्या हाती जात असते. गुगलची सेवा (८.८.८.८ व ८.८.४.४) २००९ पासून, तर क्लाउडफ्लेअरची (१.१.१.१ व १.०.०.१) २०१८ पासून चालू आहे. क्वाड९ (९.९.९.९ व १४९.११२.११२.११२) ही ना-नफा संस्था घातक संकेतस्थळे अडविते आणि वापरकर्त्याचा पत्ता साठवीत नाही, प्रस्तुत लेखकाचा कल तिच्याकडे आहे. घरात लहान मुले असल्यास क्लाउडफ्लेअरचे १.१.१.३ व १.०.०.३ हे पत्ते अधिक योग्य, कारण ते प्रौढांसाठीची संकेतस्थळेही रोखतात. दोन्ही पत्ते एकाच सेवेचे असावेत, अन्यथा एकीने अडविलेले संकेतस्थळ दुसरीमार्फत उघडू शकते.

मांडणी :
प्रथम जुने पत्ते कागदावर लिहून ठेवावेत. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय वा इथरनेट आणि हार्डवेअर प्रॉपर्टीज या क्रमाने जाऊन ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’समोरील ‘एडिट’ दाबावे, ‘मॅन्युअल’ निवडावे व दोन्ही पत्ते रोमन अंकांत भरावेत. तेथेच ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ सुरू करावे. त्यामुळे विचारणा सांकेतिक रूपात जाते आणि वाटेतील कोणास वाचता येत नाही. जोडणीवर आयपीव्ही६ चालू असेल तर त्याचेही पत्ते भरणे आवश्यक आहे, नाहीतर संगणक काही विचारणा जुन्याच सर्व्हरकडे पाठवीत राहतो. शेवटी ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ ही आज्ञा देऊन संगणकाने साठविलेले जुने पत्ते पुसावेत. हाच बदल राउटरमध्ये केल्यास राउटरकडून पत्ते घेणाऱ्या घरातील सर्व उपकरणांस तो लागू होतो.

मर्यादा :
सेवा पुरविणाऱ्या कंपनीस आपण ज्या अंकात्मक पत्त्याशी जोडले गेलो तो पत्ता तरीही दिसतोच. तसेच हा लॅपटॉप महाविद्यालयात नेल्यावर ग्रंथालयाच्या अंतर्गत सर्व्हरचे नाव बाहेरील डीएनएसला ठाऊक नसते व ते पान उघडत नाही. अशा वेळी ‘मॅन्युअल’ऐवजी पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ निवडावे.