डोंगरवाटेचे सामान : पारख आणि दुरुस्तीच्या धंद्याला वाव

पावसाळा लागला की शनिवारी रात्री कसारा आणि कर्जतच्या गाड्यांत पाठीवर बोजा घेतलेली तरुण मुले दिसू लागतात. कोणी कळसूबाईला निघालेले असते, कोणी राजमाचीला, कोणी हरिश्चंद्रगडाला. एके काळी हा मोजक्या गिर्यारोहण संस्थांचा छंद होता. आता नोकरदार, विद्यार्थी, बायकामुलांसह कुटुंबेही जातात. त्यांच्यामागे रकसॅक, बूट, तंबू, स्लीपिंग बॅग, दोर अशा मालाचा एक बाजार उभा राहिला आहे. माल विकणारे व भाड्याने देणारे पुष्कळ झाले. माल पारखणारे आणि दुरुस्त करणारे मात्र थोडे आहेत, आणि आपल्या कारागिरांना वाव आहे तो तिथेच.

मुंबईत मदनपुरा व धारावी येथे बॅगा शिवणारे कसबी हात आहेत. रकसॅक त्यांना परकी नाही. पण शाळेच्या दप्तरासारखी ती शिवून चालत नाही. मुक्कामाच्या ट्रेकला दहा-बारा किलो ओझे सहज होते. त्यातले बरेचसे वजन खांद्यावर नव्हे, कमरेच्या पट्ट्यावर बसले पाहिजे. म्हणून पिशवी किती लिटरची हे पाहण्याआधी गिऱ्हाइकाची पाठ मोजावी. मान खाली घातली की जो मणका वर उठून दिसतो, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत हे माप घ्यायचे. उंच माणसाला आखूड पाठीची पिशवी दिली तर पट्टा पोटावर येतो आणि सगळा भार खांदे ओढतात. दुकानात रिकामी पिशवी घालून पाहण्याला अर्थ नाही. दहा किलो तांदूळ किंवा वाळू भरून गिऱ्हाइकाला पाच-दहा मिनिटे जिना चढायला लावावा.

पिशवी बिघडते ती ठरलेल्या जागी. खांद्याच्या पट्ट्याचा जोड उसवतो, चेनचा रनर झिजतो, बकल तुटते. जोडावर आडवी दाट शिलाई हवी आणि दोरा पॉलिस्टर किंवा नायलॉनचा हवा. सुती दोरा ओलीत कुजतो. रनर बदलण्याच्या किरकोळ कामासाठी हजारो रुपयांची पिशवी अडगळीत पडलेली अनेक घरांत सापडेल. पाणी अडवण्यासाठी वरच्या रेनकव्हरवर भिस्त ठेवू नये, कारण सह्याद्रीच्या पावसात पाणी पाठीकडून आत शिरते. पिशवीच्या आत जाड प्लास्टिकची मोठी थैली घालून तिच्यात कपडे भरणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

महाग ते चांगले, हा समज या धंद्यात फार बोकाळला आहे. युरोपातील थंडीसाठी बनवलेला पाणीरोधक अस्तराचा बूट आपल्या पावसाळ्यात उलटाच पडतो. ओढा ओलांडताना पाणी घोट्यावरून आत जाते आणि अस्तरामुळे बाहेर निघत नाही. त्यापेक्षा पाणी निथळून जाणारा, ओल्या कातळावर पकड धरणारा मऊ रबरी तळाचा बूट बरा. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का ते पाहावे; नाहीतर उतरताना नखे काळी पडतात. जीनची पँट तर मुळीच नको. ती भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही.

दुकानदाराने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : हा माल गोदामात पडल्या पडल्या म्हातारा होतो. अनेक बुटांच्या तळातील पॉलियुरेथेनचा थर हवेतील ओलाव्याने वर्षानुवर्षे आतून विरत जातो. बूट वरून कोरा दिसतो आणि पहिल्याच ट्रेकला तळ सुटतो. तंबूच्या कापडावर अनेकदा हाच लेप असतो. ओला तंबू गुंडाळून ठेवला की लेप चिकट होतो, वास मारतो आणि मग पाणी झिरपते. भाड्याने दिलेला तंबू परत आला की त्याच दिवशी सावलीत पसरून वाळवावा. पिसांची स्लीपिंग बॅग दाबून न ठेवता सैल टांगावी. ती भिजली की ऊब गमावते, तेव्हा सह्याद्रीसाठी कृत्रिम धाग्याची हलकी बॅगच भाड्याला ठेवणे शहाणपणाचे. तंबूत स्टोव्ह पेटवू नये, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगावे. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचून झोपेतच जीव जातो.

आता दोराविषयी. इथे दुरुस्तीचा धंदा थांबतो. कड्यावर चढताना पडणाऱ्याला झेलण्यासाठी ताणला जाणारा, म्हणजे डायनॅमिक दोर लागतो. दोरावरून खाली उतरण्यासाठी कमी ताणाचा स्टॅटिक दोर चालतो. दोन्ही बहुधा नायलॉनचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला निळा-पिवळा प्रॉपिलीनचा दोर स्वस्त असला तरी साधारण १६५ अंशांना वितळतो. नायलॉन २०० अंशांच्या वर टिकतो. उतरताना घर्षणाने किती उष्णता निर्माण होते, हे ज्याचा हात दोराने एकदा भाजला आहे त्याला विचारावे.

टेंपोत बॅटरीशेजारी दोर ठेवणे ही सर्रास होणारी चूक. गंधकाम्लाची वाफसुद्धा नायलॉन कुजवते, आणि बाहेरून डागही दिसत नाही. बनवणारेच सांगतात की दोर वापरला नाही तरी दहा वर्षांनी काढून टाकावा. म्हणून प्रत्येक दोराला क्रमांक देऊन खरेदीची तारीख, कोणी नेला, कोणी मोठा झटका दिला का, याची वही ठेवावी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यात अशा उपक्रमांच्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याची तरतूद आहे. वही नीट असलेल्या दुकानाचा माल असे आयोजक विश्वासाने नेतील.

हार्नेसचा पट्टा उसवला तर घरच्या मशिनवर कितीही मजबूत टाका घालता येत असला तरी घालू नये आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट नाही म्हणावे. निकामी दोर भंगारात देऊ नये, कारण तोच दोर धुऊन पुन्हा कोणाच्या तरी कमरेला बांधला जाऊ शकतो. त्याचे हात-हातभर तुकडे करावेत. माळ्यावरचे सामान बांधायला ते उत्तम उपयोगी पडतात.