रोमचे देव, दख्खनचे गळे

मेड्युसाचे सापांच्या केसांचे तोंड कोरलेले भले मोठे पदक, ज्युपिटरच्या गरुडाची कर्णफुले, मनगटाला वेटोळे घालणारा साप. हाताने घडवलेले असे दागिने हल्ली ‘स्टेटमेंट ज्वेलरी’ म्हणून विकले जातात आणि ठुशी-बोरमाळेच्या मुलखात रोमच्या देवांचे काय काम, असा प्रश्न हमखास येतो. प्रश्न विचारणाऱ्यांनी आपल्याच जमिनीखाली पाहावे. नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले, तेव्हा रोमन जगातून मद्य घेऊन आलेल्या कुंभांची खापरे हाती लागली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर तर समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्तीच सापडली. रोमन लोक त्यालाच नेपच्यून म्हणत.

दागिन्यांच्या दृष्टीने मोलाचा पुरावा मात्र मातीचा आहे. तेर या सातवाहनकाळातल्या व्यापारी ठाण्यात आणि तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्यांची नक्कल करणारी भाजक्या मातीची पदके मिळाली आहेत. सम्राट टायबेरियसच्या (इ.स. १४ ते ३७) नाण्यांचे नमुने त्यांत ओळखू येतात, आणि अनेकांना दोरा ओवायला भोक किंवा कडी असते. परदेशी नाणे गळ्यात घातले ते सोन्यासाठी, चित्राशी कुणाला देणेघेणे नव्हते, असा आक्षेप यावर घेता येईल. खऱ्या नाण्यांपुरता तो बराचसा पटतो. पण मातीला कसले आले वजन? मातीवर रोमचा सम्राट उठवायचा तर त्या मुद्रेचेच कुणाला तरी आकर्षण असणार.

पुढे रोम गेले, इटलीतलेच व्हेनिस आले, तरी हा नाद सुटला नाही. व्हेनिसने १२८४ पासून पाडलेले डुकॅट साधारण साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे. त्यावर एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला निवडून दिलेला राज्यप्रमुख, आणि दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात येशू. मराठी मुलखात हे नाणे पुतळी म्हणून चालले आणि माळेत गाठवले गेले. त्यावरच्या आकृत्यांत भारतात कित्येकांनी राम, सीता, लक्ष्मण पाहिले. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये बुडाले आणि खऱ्या नाण्यांचा झरा आटला. केवळ सोनेच हवे असते तर सोनारांनी गुळगुळीत चकत्या ओवल्या असत्या. त्यांनी ठसे कोरले, पत्र्यावर आकृती उठवत राहिले, आणि आज पुतळीवर बहुधा लक्ष्मी असते. देवघरातला खंडोबाचा टाकही ठशावर पत्रा ठोकूनच होतो, त्यामुळे हे कसब सोनाराला परके नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पुतळ्यांची माळ घालणाऱ्या बायकांना संत मार्क ठाऊक नव्हता, म्हणून राम दिसला. आजच्या गिऱ्हाइकाला मेड्युसा कोण ते माहीत असते, मग ही निव्वळ नक्कल नव्हे का? परंतु माहिती असल्याने उसनवारी खोटी ठरत असेल, तर रोमन दागिनेही बाद करावे लागतील. मेड्युसा मुळात ग्रीकांची. तिच्या तोंडाने वाईट नजर टळते या समजुतीने रोमन लोकांनी ती रत्नांवर कोरून अंगावर घातली, आणि कथा परकी आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. उलट दिशेनेही हेच घडले. पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेली दागिन्यांनी मढलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती, जिच्याशी भोकरदन आणि तेरच्या मूर्तींचे साम्य दाखवले जाते, तिला आपण सर्रास लक्ष्मी म्हणतो. कित्येक अभ्यासकांच्या मते ती यक्षी आहे. ज्या रोमन घरात ती होती, तिथे तिला काय समजत असतील कोण जाणे.

तेव्हा देव कुठला, यावरून आजच्या दागिन्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. नावे ठेवायचीच तर घडणीला ठेवावीत. साच्यात ओतून शेकड्याने काढलेली मेड्युसा हातघडणीची म्हणून विकली जात असेल, तर ती फसवणूक आहे, आणि तशीच ओतीव पुतळी ‘पारंपरिक’ म्हणून विकली तर तीही.