साडेपाच वर्षांची वाट आणि ‘सेकंड कमिंग’



मँचेस्टर म्हटलं की आपल्याला फुटबॉल, कापडगिरण्या आणि पाऊस आठवतो. पण ऑफिसातल्या एखाद्या पन्नाशीच्या मँचेस्टरकराजवळ ‘द स्टोन रोझेस’ या बँडचा विषय काढून बघा, गडी खुलतो! दुसऱ्या अल्बमचं नाव घेतलंत, की मात्र उसासा टाकतो. असं झालं तरी काय?

त्यांचा पहिला अल्बम १९८९ चा. गायक इयन ब्राउन आणि गिटारवादक जॉन स्क्वायर हे लहानपणापासूनचे मित्र, गाणी दोघं मिळून रचायचे. ड्रम्सवर रेनी, बेस गिटारवर मानी. या दोघांचा ठेका इतका खेळकर, की इंडी रॉक ऐकणारी मुलं चक्क नाचू लागली.

पुढे रेकॉर्ड कंपनीशी कोर्टकज्जा झाला. १९९१ मध्ये बँड मोकळा झाला, गेफेन या बड्या अमेरिकन कंपनीशी करार झाला. तरी ‘सेकंड कमिंग’ यायला १९९४ चा डिसेंबर उजाडला. त्याच वर्षी ब्लर आणि ओएसिस यांनी बाजी मारली होती. म्हणजे वरातीमागून घोडं!

पण दोष फक्त उशिराचा नव्हता. या वेळी बहुतेक गाणी स्क्वायरने एकट्याने लिहिली, आणि त्याला लेड झेपेलिनच्या धाटणीच्या दणदणीत गिटारची ओढ लागली होती. पहिलंच गाणं अकरा मिनिटांचं, त्यात गायकाचा आवाज यायला चार मिनिटं थांबायचं! मैफलीत साथीदारच गवयाच्या पुढे धावत सुटावा, तसं झालं. ब्राउनचा मुळातच हळुवार आवाज त्याखाली दबला, आणि रेनीचा तो खेळकर ठेकाही जड झाला.

डोंगर पोखरून उंदीर काढला, असं अनेकांना वाटलं. मला ते पूर्ण पटत नाही. ‘लव्ह स्प्रेड्स’ हे गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि ‘टेन स्टोरी लव्ह साँग’मध्ये जुना गोडवा आहेच. हरवलं ते चौघांचं एकत्र असणं. १९९५ मध्ये रेनी गेला, १९९६ मध्ये स्क्वायर, आणि त्याच वर्षी बँड फुटला.

२०१२ मध्ये हे चौघं मँचेस्टरच्या हीटन पार्कात पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मानी गेला. आता ती चौकडी पुन्हा दिसणार नाही.

तेव्हा दोन्ही अल्बम लागोपाठ ऐका. साडेपाच वर्षं वाट पाहून ऐकणाऱ्यांची निराशा आपल्या वाट्याला नाही. त्यामुळे दुसऱ्यातलं चांगलं काय, हे कदाचित आपल्यालाच जास्त नीट ऐकू येईल.