गल्ला दुकानाचा, तिजोरी घराची

माल घेताना आपला व्यापारी ताक्याचा पन्हा स्वतः मोजतो, सुताचा नंबर विचारतो आणि मीटरमागे पंचवीस पैशांसाठी दलालाशी अर्धा तास घासाघीस करतो. तोच माणूस संध्याकाळी गल्ल्यातून मूठभर नोटा काढून घरी देतो, तेव्हा वहीत एक ओळही लिहीत नाही. दुकानही आपलेच, घरही आपलेच, मग हिशेब कोणाला द्यायचा, असे त्याचे म्हणणे असते. मालक धडधाकट असेपर्यंत हे चालून जाते. तो अचानक अंथरुणाला खिळला किंवा त्याचा इंतकाल झाला, की घरच्यांना देणे किती, येणे किती, कागद कुठे, यांतले काहीच सापडत नाही. चांगली चालती दुकाने अशा वेळी मंदीमुळे नव्हे, तर न लिहिलेल्या हिशेबामुळे बसतात. म्हणून या विषयावर सविस्तर लिहीत आहे.

घरखर्च हा मालकाचा पगार

एक साधे उदाहरण घेऊ. एका छोट्या दुकानाची महिन्याची विक्री 4,00,000 रुपये आहे. विकलेल्या मालाची खरेदी 3,40,000 आणि भाडे, वीज, नोकर मिळून 30,000. म्हणजे खरी कमाई 30,000 झाली. पण रोज थोडे थोडे करून घरात 38,000 गेले. वरचे 8,000 कुठून आले? ते सूतवाल्याचे किंवा घाऊक व्यापाऱ्याचे आहेत, ज्याचा माल उधारीवर आपल्या फळीवर पडला आहे. वर्षाला हा खड्डा 96,000 रुपयांचा होतो. रमजानच्या विक्रीत गल्ला भरलेला दिसतो, त्यामुळे तो लक्षात येत नाही. ईद सरल्यावर तगादे सुरू झाले की कळते.

यावर उपाय एकच. मालकाने स्वतःला पगार ठरवावा. वरच्या दुकानात तो 25,000 असावा, म्हणजे 5,000 भांडवलात राहतील. ही रक्कम ठरलेल्या तारखेला एकदाच उचलून घरी द्यावी. लग्न, आजारपण अशा कारणांनी जास्त काढावे लागले, तर रोजमेळात मालकाच्या नावे उचल लिहावी. हाच नियम कारागिराला लागू आहे. चार लूम चालवणाऱ्याने किंवा जरीकाम करणाऱ्यानेही आलेल्या मजुरीतून आधी दुरुस्ती, वीज आणि कच्चा माल यांचे पैसे बाजूला काढावेत आणि मग घराकडे पाहावे.

यात आणखी एक फायदा आहे. जकात काढताना विक्रीसाठी असलेला माल, रोकड आणि वसूल होणारी उधारी धरावी लागते आणि तिच्यावर अडीच टक्के द्यावे लागतात. ज्याची वहीच नाही, तो अंदाजाने देतो. तो अंदाज कमी पडला तर गरिबाचा हक्क आपल्याकडे राहून जातो.

घरातल्या बायकांनी साठवलेल्या पैशांबद्दलही सांगितले पाहिजे. 8 नोव्हेंबर 2016 रोजी 500 आणि 1,000 च्या नोटा बंद झाल्या, तेव्हा पिठाच्या डब्यात आणि साड्यांच्या घडीत ठेवलेली बचत बाहेर काढताना अनेक घरांत ओढाताण झाली. घरच्या बाईच्या नावाने तिचे स्वतःचे बँक खाते असावे. तो पैसा तिचा आहे, दुकानाच्या अडचणीला वापरण्याचा तो राखीव गल्ला नाही.

उधारी लिहा, मुदत लिहा

कर्जाचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, हा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. कुरआनातील ही सर्वांत लांब आयत आहे. तरीही सख्ख्या भावाकडून किंवा साडूकडून चिठ्ठी मागायला आपल्याला लाज वाटते. लिहिण्यात अविश्वास नाही. देणारा किंवा घेणारा उद्या या जगात नसला, तरी दोन्ही घरांची अब्रू तो कागद राखतो.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. उसने दिलेल्या पैशांचा किंवा विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने रक्कम बाकी असल्याचे लिहून सही केली, तर तीन वर्षे पुन्हा नव्याने मोजली जातात. म्हणून दरवर्षी मार्चअखेर खातेउतारा पाठवून बाकी रकमेवर सही घेण्याची सवय ठेवा. तसेच 20,000 रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने उसनी घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड त्या रकमेइतका होऊ शकतो. असे देणेघेणे चेकने किंवा बँकेतूनच करावे.

पैसा ठेवायचा कुठे?

व्याज नको म्हणून बँकेकडेच पाठ फिरवणारे काही बांधव आहेत. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, ते तर उघडता येते. मात्र सर्व रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नये. 23 सप्टेंबर 2019 रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. दुकानाचे खाते तिथे असलेल्यांची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा.

बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका खातेदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 पासून आहे, त्यापूर्वी ती 1 लाख होती. एकट्या मालकीच्या दुकानाचे चालू खाते आणि त्याच मालकाचे बचत खाते एकाच बँकेत असेल, तर दोन्ही मिळून 5 लाखच धरले जातात. पतसंस्थांना हा विमा लागू नाही. गल्लीतल्या भिशीचा आधार तर केवळ ओळखीचा असतो. म्हणून भिशीत तेवढेच घालावे, जेवढे बुडाले तरी घराचा चुलाणा विझणार नाही.

सर्वांत जास्त सावधगिरी 'हलाल नफ्या'च्या नावाखाली चालणाऱ्या योजनांबाबत हवी. बंगळुरूची आय.एम.ए. ही कंपनी जून 2019 मध्ये कोसळली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली. व्यापार आपण सर्व जण करतो. दरमहा ठरावीक नफा कोणत्या बाजारात मिळतो, हे आपल्यालाच सर्वांत चांगले माहीत आहे. खऱ्या भागीदारीत नफ्यासोबत तोटाही वाटून घ्यावा लागतो. ज्या योजनेत तोट्याचे नावच नाही, तिच्या पत्रकावर कितीही आयती छापलेल्या असोत, तिच्यापासून दूर राहा.

मालकाच्या पश्चात

शरीयतचा क्रम ठरलेला आहे. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत (फार तर एक तृतीयांश) आणि उरलेले वारसांना. न दिलेला मेहर हेही कर्जच आहे. पण कर्ज किती हे लिहिलेले नसेल, तर वारस ते फेडणार कसे?

बापाच्या दुकानात थोरला मुलगा वीस वर्षे राबतो आणि दुकान आपलेच समजतो. आपल्या कायद्यात मुलाला जन्माने वाटा मिळत नाही. दुकान बापाच्या नावावर असेल, तर त्याच्या पश्चात आई, बहिणी, भाऊ सर्वांचा हक्क त्यावर लागतो. बहिणीने हिस्सा मागितला की भाऊ म्हणतो, मेहनत माझी होती. दोघांचेही खरे असते आणि प्रकरण कोर्टात जाते. म्हणून मुलगा पगारी आहे, भागीदार आहे की नुसता मदतीला आहे, हे बापाने हयातीतच कागदावर ठरवावे. भावाभावांच्या धंद्यातही भागीदारीचा करार लेखी करून नोंदवून घ्यावा. नोंदणी नसलेल्या पेढीला करारापोटी येणे असलेल्या रकमेसाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही.

बँकेतील नामनिर्देशनाबद्दल मोठा गैरसमज आहे. खात्यावर ज्याचे नाव लावले, तो त्या पैशाचा मालक होत नाही. तो रक्कम स्वीकारणारा अमानतदार असतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दिला आहे. उदाहरणार्थ, खात्यावर पत्नीचे नाव आहे आणि मागे मुले व आई आहेत. बँक पैसे पत्नीच्या हाती देईल. त्यात पत्नीचा आठवा आणि आईचा सहावा हिस्सा आहे, बाकीचा मुलांचा. तरीही नाव जरूर लावावे, नाहीतर बँकेतून पैसे निघायलाच खेटे घालावे लागतात. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्यावर चार नावांपर्यंत लावता येतात. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. मरहूम वडिलांचे एखादे विसरलेले खाते असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' या संकेतस्थळावर शोध घेता येतो आणि वारसांना आजही दावा करता येतो.

खाली गोदाम, वर घर

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी खाली लूम किंवा गोदाम आणि वर संसार असतो. कापसाची धूळ आणि कापडाचे गठ्ठे आग पटकन पकडतात. मुख्य बोर्ड आणि मीटरजवळ माल रचू नये, जिना मोकळा ठेवावा. विजेचा झटका लागताच प्रवाह तोडणारा 30 मिलिअँपिअरचा स्विच बसवून घ्यावा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. वास आला तर कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. दारे-खिडक्या उघडून रेग्युलेटर बंद करावा आणि घराबाहेर येऊन 1906 वर कळवावे. मोबाईलवरून कोणी फसवून पैसे काढले, तर त्याच घटकेला 1930 वर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

हे सर्व करायला मुनीम लागत नाही. शंभर पानांची एक वही घ्या आणि तिचे पाच भाग करा : येणे, देणे, अमानती, बँक खाती व कागदपत्रांची जागा, आणि पत्नीचा मेहर. दर जुम्म्याला नमाजनंतर पंधरा मिनिटे देऊन ती भरा. वही कुठे आहे, हे पत्नीला आणि एका जाणत्या मुलाला किंवा मुलीला दाखवून ठेवा. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि कोणाचेही देणे आपल्या मानेवर न राहो.