‘जागेवरची भूल’ म्हणजे बिनधोक नव्हे

प्लास्टिक सर्जरीचं ठरलं की पेशंट भुलीबद्दल बहुधा एकच विचारतो, ‘पूर्ण भूल द्यावी लागेल का?’ डॉक्टर नाही म्हणाले की त्याचा जीव भांड्यात पडतो. जागेवरच्या भुलीला धोका नाही आणि पूर्ण भूल म्हणजे जिवाशी खेळ, ही समजूत घट्ट रुजलेली आहे. ती दोन्हीकडून चुकीची आहे.

तीळ काढणं, पापण्यांची शस्त्रक्रिया, केशरोपण ही कामं जागेवरच्या भुलीत उत्तम होतात, हे खरं. पण त्यासाठी टोचतात त्या लिग्नोकेन या औषधाची मात्रा वजनावर ठरते. त्यात रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असेल तर रूढ मर्यादा किलोमागे 7 मिलिग्रॅम. ती ओलांडली तर तोंडाभोवती मुंग्या येतात, कानात आवाज होतो, पुढे झटके येऊ शकतात, हृदयही बंद पडू शकतं. लायपोसक्शनमध्ये हेच औषध अतिशय पातळ करून चरबीत भरतात. जेफ्री क्लाइन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने 1987 मध्ये ही पद्धत मांडली. तिच्यात किलोमागे 35 मिलिग्रॅमपर्यंत मात्रा चालते, कारण औषध रक्तात फार सावकाश उतरतं. म्हणूनच रक्तातलं प्रमाण सर्वाधिक होतं ते सुमारे 12 तासांनी, म्हणजे पेशंट घरी पोचल्यावर! त्या रात्री त्याच्याजवळ कुणीतरी हवंच.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ‘फक्त थोडं झोपेचं इंजेक्शन देऊ’ या वाक्याची. प्रोपोफॉलसारख्या औषधाने हलकी गुंगी कधी गाढ झाली, हे कळतही नाही. श्वास मंदावतो, जीभ मागे पडते, आणि प्रोपोफॉलला उतारा नाही. पूर्ण भुलीत श्वासाचा मार्ग सुरक्षित केलेला असतो आणि भूलतज्ज्ञ नाडी, ऑक्सिजन, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत पाहत असतो. त्यामुळे तज्ज्ञाविना दिलेली गुंगी ही तज्ज्ञाच्या हातच्या पूर्ण भुलीपेक्षा जास्त धोक्याची.

भुलीसाठी पाठीत सुई घेतली की जन्मभर कंबर दुखते, हेही खरं नाही. टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, इतकंच.

काही गैरसमज डॉक्टरांमध्येही होते. ॲड्रेनॅलिन बोटात टोचलं तर बोट सडतं, असं अनेक दशकं शिकवलं जाई. कॅनडातले प्लास्टिक सर्जन डोनाल्ड लालोंड आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हाताच्या आणि बोटांच्या 3,110 केसेस मांडल्या. एकाही बोटाचा भाग मेला नव्हता. आज हाताच्या कित्येक शस्त्रक्रिया पेशंट जागा असताना होतात. शिवलेला स्नायुबंध नीट सरकतो का, हे त्याला बोट हलवायला सांगून तिथेच पाहता येतं.

उपाशी राहण्याबद्दलही गोंधळ आहे. साधं पाणी भुलीच्या 2 तास आधीपर्यंत बहुतेकांना चालतं. दुधाचा चहा मात्र पाण्यात धरू नका, त्याला 6 तासांचं अंतर लागतं. तुमच्यासाठी वेळ वेगळी सांगितली असेल तर तीच पाळा.

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला स्वतः भेटा. चालू गोळ्या, आयुर्वेदिक काढे, घोरणं, तंबाखू, काहीही लपवू नका. गुंगी देणार असतील तर त्या वेळी माझ्या श्वासाकडे कोण पाहणार, हे विचारा. ‘सर्जनच बघतील’ असं उत्तर आलं, तर तिथे शस्त्रक्रिया करून घेऊ नका.